साहेबाच्या खुर्चीत बसताना : कार्यालयीन नेतृत्व आणि धम्म

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकारिणीने 'नोकरीतील नेतृत्व व कार्यक्षमता' हा विषय आम्हाला दिला, तेव्हा आम्ही विचारले की, हा विषय एखाद्या मॅनेजरसाहेबांना का देत नाही? आम्ही तर बँकेत कारकून. कला शाखेची पदवी घेतली, परीक्षा दिली, काउंटरला बसलो, आणि आजही काउंटरलाच आहोत. त्यावर सचिव म्हणाले, साहेब कसा असावा हे साहेबाला विचारले तर तो स्वतःचेच वर्णन करील. ज्याच्यावर साहेबी चालते त्याने बोलावे. हे आम्हाला पटले. तेव्हा आज आम्ही जे बोलणार आहोत ते खालून पाहिलेले आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. 'खालून' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. तो तथागतांच्या उपदेशातच आहे, त्याकडे पुढे येऊ.

प्रथम एवढे पाहू की, हा विषय आपल्या संस्थेत का घ्यावा? आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचा सत्तेशी संबंध एकाच बाजूने होता. हुकूम यायचा आणि तो पाळायचा. १९५८ च्या कायद्याने महार वतन खालसा झाले. तोपर्यंत पाटलाचा सांगावा पोचवणे, सरकारी टपाल वाहणे, गावात आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे, हीच आपली 'नोकरी'. पुढे बाबासाहेबांच्या पुण्याईने शिक्षण आले, राखीव जागा आल्या. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि काही वर्षांत आपली मुले बँकेच्या काउंटरमागे दिसू लागली. १९९५ च्या सत्त्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या पदोन्नतीतील आरक्षणाला घटनेचा आधार मिळाला. आज या सभागृहातच शाखाधिकारी आहेत, मुख्याध्यापक आहेत, अभियंते आहेत. म्हणजे आता आपणही हुकूम देणाऱ्यांत आलो.

परंतु हुकूम द्यायचा कसा, हे आपल्याला कोणी शिकवले? घरात ते पाहायला मिळाले नाही. डोळ्यांपुढे नमुना एकच, तो म्हणजे जुना साहेब. घंटी वाजवणारा, शिपायाला अरे-तुरे करणारा, अर्जदाराला टेबलापुढे उभे ठेवून फाईल चाळत बसणारा. माणूस खुर्चीत बसला की तोच साहेब हळूहळू त्याच्या अंगात शिरतो, आणि त्याला ते कळतही नाही.

आमच्याच समाजातील एक अधिकारी आम्ही जवळून पाहिले. हुशार, कष्टाळू, खेड्यातून वर आलेले. जयंतीला त्यांचे समतेवर भाषण होई आणि ते चांगले होई. शाखेत झाडलोट करणाऱ्या बाईंचा चहाचा कप मात्र खिडकीत वेगळा ठेवलेला असे. साहेबांच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीत तो कप खिडकीतच राहिला. तो वेगळा ठेवण्याची पद्धत त्यांनी सुरू केली नव्हती, हे खरे. पण ती बंद करण्याचा अधिकार हातात असताना त्यांनी ती बंदही केली नाही. कदाचित त्यांच्या नजरेलाच तो कप पडला नसेल. वर बसल्यावर नजर किती बदलते, हे आम्हाला यातून दाखवायचे आहे. १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकल्या-सवरलेल्या नोकरदारांविषयी बाबासाहेबांनी जे दुःख बोलून दाखवले, ते आपण सगळे दरवर्षी ऐकतो आणि ऐकून घरी जातो.

हल्ली कार्यक्षमतेवरची पुस्तके ढिगाने मिळतात. अमेरिकेतील स्टीफन कोवी यांचे सात सवयींचे पुस्तक १९८९ साली निघाले. ट्रेनिंग सेंटरमध्ये आम्हाला त्याच्यावर दोन दिवस शिकवले. पुस्तक टाकाऊ नाही. तातडीच्या कामाच्या मागे धावताना महत्त्वाचे काम मागे पडू देऊ नका, आपले म्हणणे सांगण्याआधी समोरच्याचे समजून घ्या, असे त्यात आहे आणि ते बरोबरच आहे. पण ज्या कचेरीत काही माणसांनी बोलणेच केव्हाचे सोडून दिले आहे, तिथे 'समोरच्याचे ऐका' म्हणजे नेमके काय करायचे? शिबिरात हा प्रश्न निघाला नाही. त्याचे उत्तर आपल्याला आपल्याच घरात शोधावे लागेल, आणि ते तिथे आहे.

दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहाचा सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सकाळी ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. का, तर वडिलांनी मरताना तसे सांगितले म्हणून. तथागतांनी त्याला हसून हाकलले नाही. त्यांनी दिशांचा अर्थच बदलून टाकला. आई-वडील ही पूर्व दिशा, आचार्य दक्षिण, पत्नी व मुले पश्चिम, मित्र उत्तर, श्रमण-ब्राह्मण वरची दिशा. आणि खालची दिशा कोणती? नोकर-चाकर, राबणारी माणसे.

आता पाहा, सिगाल खालच्या दिशेलाही हात जोडतच होता. म्हणजे धन्याने नोकरांना नमस्कार करायचा आहे, आणि तो कसा करायचा हे पाच गोष्टींत सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पाच कलमे आम्ही आमच्या शाखेला लावून पाहिली.

पहिली गोष्ट, शक्ती पाहून काम नेमून द्यावे. ऐकायला सोपी आहे, पण साहेबाची निम्मी लायकी इथेच कळते. आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होते. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, डोळ्यांना पडद्यावरचे आकडे नीट दिसेनात. त्यांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनरांची रांग दारापर्यंत गेलेली असताना, कॅशला बसवलेले आम्ही पाहिले. आणि नुकताच लागलेला, बोटे भराभर चालणारा मुलगा आवक-जावक रजिस्टर लिहीत बसलेला. कारण काय, तर वेळापत्रक आधीच्या साहेबांनी लावलेले होते. नंतर जे साहेब आले, त्यांनी पहिले आठ दिवस काहीच केले नाही. प्रत्येकाच्या शेजारी खुर्ची टाकून अर्धा-अर्धा तास बसले. नवव्या दिवशी कामे बदलली. ते ज्येष्ठ सहकारी कर्जाच्या कागदपत्रांच्या छाननीला गेले; तिथे त्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवाला तोड नव्हती. शाखा तीच, माणसे तीच.

दुसरी गोष्ट, अन्न आणि वेतन. कायम नोकरांचे वेतन आता कराराने ठरते, त्यात शाखाधिकाऱ्याचा हात नाही. पण आज प्रत्येक कचेरीत ठेकेदाराची माणसे आहेत. दारावरचा गार्ड, सफाईवाले, संगणक दुरुस्तीचा मुलगा. ते 'आपले' नाहीत असे साहेब म्हणतात. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने दिली पाहिजे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच घातले गेले होते. तेव्हा गार्डचा पगार झाला का, त्याचा प्रॉव्हिडंट फंड भरला जातो का, हे महिन्यातून एकदा विचारणे हे साहेबाचेच काम आहे.

तिसरी गोष्ट, आजारपणात शुश्रूषा. तिच्यावर आम्हाला स्वतंत्र बोलायचे आहे. चौथी, चांगलेचुंगले वाटून खावे. दिवाळीला ग्राहकांकडून मिठाईचे खोके येतात. ते केबिनमध्येच फुटतात की बाहेर येतात, हे सर्व कर्मचारी बघत असतात. पण मिठाईपेक्षा मोठी वस्तू म्हणजे शाबासकी. झोनल ऑफिसकडून आलेले अभिनंदनाचे पत्र काही साहेब ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि ताशेऱ्याचे पत्र मात्र सर्वांना वाचून दाखवतात.

पाचवी गोष्ट, वेळेवर सोडावे, विश्रांती द्यावी. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'आजचे विम्याचे टार्गेट का झाले नाही' असा संदेश टाकणाऱ्या साहेबाने हे सुत्त जरूर वाचावे. घरी आलेला माणूस त्या संदेशाने पुन्हा कचेरीत जातो. जेवतो तेही कचेरीतच. आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर जे बसते ते त्याचे शरीर असते.

हे ऐकून आमच्या कारकून बांधवांनी फार खूश होऊ नये. त्याच सुत्तात खालच्या दिशेनेही पाच गोष्टी करायच्या आहेत. धन्याच्या आधी उठावे, त्याच्यानंतर झोपावे, दिलेले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे आणि धन्याची कीर्ती पसरवावी. साहेबाच्या आधी उठण्याचे जाऊ द्या, पण 'दिलेले तेवढेच घ्यावे' यात कचेरीचा कागद, पेन आणि मुख्य म्हणजे वेळ येतो की नाही? साडेदहाला सही आणि पावणेअकराला चहाला, ही आपली चाल धम्मात बसत नाही.

आता आजारपणाची गोष्ट. विनयपिटकाच्या महावग्गात ती आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदांसह विहारात फिरत असताना त्याच्यापाशी आले. विचारले, तुझी सेवा करायला कोणी नाही का? तो म्हणाला, नाही. का नाही? तर, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत.

मित्रहो, 'उपयोगाचा नाही' हे शब्द आपल्या कचेऱ्यांत रोज उच्चारले जातात. जो वारंवार आजारी पडतो तो, ज्याला नवीन सॉफ्टवेअर जमत नाही तो, ज्याचे घरात काही बिनसले आहे आणि ज्याच्याकडून चुका होतात तो. आणि अशा माणसाला प्रथम काय मिळते? मेमो. तथागतांनी काय केले, त्याचा क्रम पाहावा. आनंदांना पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी अंग धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून त्याला उचलून मंचकावर निजवले. त्यानंतर सभा बोलावली. सभेत विचारपूस केली आणि भिक्खूंना सांगितले की, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. नियम झाला तो नंतर. आधी पाणी.

चूक झाल्यावर बोलायचे कसे, हाही प्रश्न साहेबापुढे रोजचा. त्याबद्दल विनयपिटकात उपालीने विचारले आहे. उपाली कोण, ते विद्यार्थ्यांसाठी सांगतो. शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले, तेव्हा त्यांनीच विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने, जन्माने नाही. आजच्या सिनिऑरिटी लिस्टसारखीच. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न महाकश्यपांनी विचारले ते याच उपालीला. बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात उपालीला स्थान दिले, ते उगीच नव्हे.

तर उपालीला मिळालेले उत्तर दोन भागांत आहे. दुसऱ्याचा दोष काढू इच्छिणाऱ्याने आधी स्वतःला तपासावे. आपले वागणे शुद्ध आहे का, बोलणे शुद्ध आहे का, मनात त्याच्याविषयी मैत्री आहे का, आपल्याला नियम नीट ठाऊक आहेत का. नसतील तर लोक म्हणतील, आधी तुम्ही शिका. अकरा वाजता येणाऱ्या साहेबाने उशिरा येणाऱ्याला बोलावे आणि मागे सगळ्यांनी एकमेकांकडे पाहावे, हे दृश्य कोणी पाहिले नाही? दुसऱ्या भागात बोलण्याच्या पाच अटी आहेत : योग्य वेळी बोलेन, खरे तेच बोलेन, मृदू बोलेन, हिताचे बोलेन, मैत्रीने बोलेन.

या पाचांत आमच्या मते कचेरीत सर्वांत अवघड अट वेळेची आहे. खरे बोलणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले. पण तेच खरे भर काउंटरवर, ग्राहकांच्या देखत, एखाद्या मुलीला सांगितले की त्याचे काय होते? कॅशमध्ये दोन हजारांचा फरक आला होता, तिची चूक होती, ती कबूलही करीत होती. साहेब चढ्या आवाजात बोलले. फरक संध्याकाळी सापडला. पण त्यानंतर तिने कोणतीही शंका साहेबांना विचारली नाही. शंका आली तरी ती गप्प बसे. ज्या कचेरीत माणसे शंका विचारायची थांबतात तिथे पुढची चूक दोन हजारांची राहत नाही. तोच मजकूर पाच वाजल्यानंतर, दार लोटून, खुर्चीवर बसवून सांगता आला असता.

राग आवरणे म्हणजे दुबळेपणा, असे आपल्या तरुणांना वाटते. त्यांनी महाडचा डिसेंबर १९२७ आठवावा. मार्चमध्ये परिषदेच्या लोकांवर हल्ला झालेला होता. डिसेंबरात हजारो माणसे चवदार तळ्यावर जायला निघून आली होती आणि ऐन वेळी दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला. लोक ऐकायला तयार नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना समजावले, तळ्यावर जाणे तहकूब ठेवले, शिस्तीत मिरवणूक काढून माणसे माघारी नेली. मग खटला लढले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळाने. जमाव पुढे नेणे त्या दिवशी सोपे होते.

बाबासाहेबांच्या कामाच्या सवयींविषयी आपण त्यांचे वाचन, त्यांचे जागरण एवढेच सांगतो. प्रशासक म्हणून त्यांच्याकडे कमी पाहिले जाते. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ऑगस्ट १९४२ मध्ये सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा खाणींची पाहणी करताना ते स्वतः खाणीत उतरले, मजुरांची राहण्याची जागा पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. दिल्लीत बसून अहवाल मागवता आला असता. तेव्हाही अहवाल छानच लिहिले जात असत.

परंतु साहेबाने शिकावे असे सर्वांत मोठे उदाहरण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आहे. त्या भाषणातला भक्ती आणि हुकूमशाहीविषयीचा इशारा आपल्याला पाठ आहे. सुरुवातीचा भाग मात्र आपण वाचत नाही. मसुदा समितीची काय स्थिती होती, ते टी. टी. कृष्णम्माचारी यांनी आधीच्या वर्षी, ५ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटना समितीत सांगितले होते. सात जणांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानाच्या कामात, एक-दोघे दिल्लीपासून दूर, प्रकृतीमुळे येऊ न शकणारे. शेवटी भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला. समितीच्या १४१ दिवस बैठका झाल्या. ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढे काम ज्याच्या डोक्यावर होते, तो माणूस अखेरच्या भाषणात उभा राहिला आणि काय म्हणाला? हे श्रेय खरे तर माझे नाही. त्याचा काही भाग घटनेचा कच्चा मसुदा करणारे बी. एन. राव यांचा, आणि त्याहून कितीतरी मोठा भाग मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा. आणि मुखर्जींच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांना विसरून चालणार नाही, कारण ते कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबले आहेत, हे त्यांनी भर सभागृहात सांगितले.

हाताखालच्या कर्मचाऱ्यांचे मध्यरात्रीचे काम देशाच्या घटना समितीच्या कामकाजात नोंदले गेले, बंधूंनो! आमच्यासारख्या, आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीसाठी कागद तयार करणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटते, ते आम्हाला नीट सांगता येणार नाही. आम्ही तो उतारा टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या सभाशास्त्राचीही आठवण दिली. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान या गोष्टी बुद्धकाळी संघात होत्या. महत्त्वाच्या बाबीत प्रस्ताव मांडून तीन वेळा विचारीत. तिन्ही वेळा कोणी बोलले नाही तरच मौन म्हणजे संमती. मतभेद राहिला तर शलाका वाटून मते घेत. आमच्या शाखांच्या सभांतही मौनालाच संमती समजतात, पण फरक मोठा आहे. साहेब चाळीस मिनिटे बोलतात, शेवटी 'काही प्रश्न?' असे घड्याळाकडे पाहत विचारतात, आणि कोणी बोलत नाही. ते भीतीचे मौन. तीन वेळा विचारा, सर्वांत कनिष्ठाला आधी विचारा, आणि साहेबाने आपले मत शेवटी सांगावे. मग पाहा किती आवाज निघतात. वज्जींच्या ऱ्हासाविषयी वस्सकार ब्राह्मण विचारायला आला, तेव्हा तथागतांनी आनंदांना पहिला प्रश्न हाच केला होता की, वज्जी लोक वारंवार सभा भरवतात का?

महापरिनिब्बान सुत्तातीलच आणखी एक गोष्ट ओझरती सांगतो. तथागत म्हणाले की, शिकवताना माझी आचार्याची मूठ झाकलेली नव्हती. काही अधिकाऱ्यांची मूठ मात्र घट्ट असते. परिपत्रक आपल्या ड्रॉवरमध्ये, पद्धत आपल्या डोक्यात. बदली झाली की शाखा आठ दिवस आंधळी. आपण नसताना काम चालले तर आपली किंमत कमी होईल, ही त्यामागची धास्ती.

गोपनीय अहवालाबद्दलही बोलले पाहिजे, कारण आपल्या माणसांचे सर्वाधिक नुकसान या कागदाने केले. वर्षभर गोड बोलायचे आणि मार्चमध्ये 'साधारण' असा शेरा मारायचा. देव दत्त खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी सेवकाच्या अहवालातील प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, त्याला कळवला पाहिजे. विद्यार्थ्यांनो, उद्या नोकरीत गेल्यावर आपला अहवाल मागून वाचा. आणि तुमच्यावर दुसऱ्याचा अहवाल लिहायची वेळ आली, तर ज्या गोष्टी त्या माणसाला वर्षभरात तोंडावर सांगितल्या असतील तेवढ्याच लिहा.

शेवटी एक नाजूक बाब. आपला अधिकारी आणि आपला माणूस. आमच्या पाहण्यात दोन प्रकार आहेत. काही अधिकारी पक्षपाताचा आरोप येईल या भीतीने आपल्याच समाजाच्या कर्मचाऱ्याला अधिक कडक वागवतात. त्याचा रजेचा अर्ज दोन दिवस जास्त पडून राहतो. काहींना आपली ओळखच नको असते. जयंतीच्या वर्गणीची पावती ते घरी पाठवायला सांगतात. दुसरीकडे आपले काही बांधव 'साहेब आपलाच आहे' म्हणून कर्जाच्या कागदपत्रांत सूट मागतात आणि मिळाली नाही की वसाहतभर बदनामी करतात. यात आम्ही दोन्ही बाजूंना दोष देतो, पण सारखा नाही. ज्याच्या हातात सही आहे त्याची जबाबदारी जास्त. नियम सर्वांना सारखा लावावा, आणि 'नाही' म्हणायचे असेल तर समोर बसवून, चहा देऊन, कारण सांगून म्हणावे. आम्ही एका शाखाधिकाऱ्यांना असे 'नाही' म्हणताना पाहिले आहे. अर्जदार आमच्याच वसाहतीतले, शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला आलेले. साहेबांनी कोणता कागद कमी आहे ते स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून दिले. तो माणूस तीन आठवड्यांनी कागद घेऊन आला आणि कर्ज मंजूर झाले.

वेळेचे नियोजन, टेबल स्वच्छ ठेवणे, दिवसाच्या कामांची यादी करणे याविषयी आम्ही बोललो नाही. ती माहिती कोणत्याही पुस्तकात मिळेल. फक्त राहुलाला दिलेला उपदेश तेवढा सांगतो. आरसा कशासाठी असतो, असे तथागतांनी त्याला विचारले, आणि सांगितले की, काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर, तिन्ही वेळा त्याने आपले व दुसऱ्याचे अहित होते का हे पाहावे. आम्ही ओळखतो असे एक अधिकारी संध्याकाळी संगणक बंद करण्याआधी पाच मिनिटे डायरी लिहितात. आज कोणाला काय बोललो, एवढेच त्यात असते.

पुढच्या रविवारपासून विहारातील अभ्यासवर्गात सिगालोवाद सुत्त आणि २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण वाचायला घेत आहोत. सकाळी दहाची वेळ आहे. अधिकारी सभासदांनी आवर्जून यावे, आणि येताना आपल्या कचेरीतील शिपाई, सफाई कामगार बंधू-भगिनींनाही आणावे. बसायला सतरंजी एकच आहे. आता कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर विचारावेत. विद्यार्थ्यांनी आधी विचारावेत.

जय भीम. नमो बुद्धाय.